लाकडी सज्ज्याचे निर्लेपन

घराच्या वरच्या मजल्याचा जो भाग भिंतीची रेषा ओलांडून रस्त्यावर झुकलेला असतो, ज्याला खालून हस्तांचा म्हणजे कोरीव तिरकस आधारांचा टेकू असतो आणि ज्याच्या कठड्याशी उभे राहून घरातील माणसांना रस्त्यावरच्यांकडे व रस्त्यावरच्यांना घरातील माणसांकडे कोणताही शिष्टाचार न मोडता हवा तितका वेळ पाहता येते, त्याला सज्जा म्हणतात. सज्ज्याची जमीन पाटणीची असते, म्हणजे तुळयांवर आडव्या कड्या टाकून त्यांवर शेजारी शेजारी फळ्या ठोकलेल्या असतात, आणि या फळ्यांमधील फटींतून वरच्यांना खालचे बोलणे व खालच्यांना वरचा केर विनासायास मिळत राहतो. बागलाण तालुक्याचे मुख्य गाव असलेल्या सटाण्यात, आरम नदीकाठच्या जुन्या वस्तीत, असे सज्जे आता थोडेच उरले आहेत आणि जे उरले आहेत त्यांना पुढील दोहोंपैकी एक गती ठरलेली असते: एक तर दारात जेसीबी येतो, किंवा घरातील कोणाला तरी जुन्या लाकडाचे महत्त्व पटते. पहिल्या गतीत सगळे एका दिवसात आटोपते. प्रस्तुत विवेचनाचा विषय दुसरी गती हा आहे.

जुन्या लाकडावर चढलेले रंगाचे थर काढून त्याला मूळ रूपात आणणे आणि मग ते मूळ रूप पुरेसे मूळ वाटत नसल्यामुळे त्यावर नवा लेप चढवणे, या दुहेरी क्रियेला येथे निर्लेपन म्हटले आहे. या क्रियेचे फलित लाकडात दिसते, परिणाम मात्र घरमालकाच्या स्वभावावर, शेजारसंबंधांवर आणि घरातील एकंदर बोलचालीवर होतो, आणि तरीही वास्तुशास्त्राच्या ग्रंथांनी तिची म्हणावी तशी दखल घेतलेली नाही. उंबरठा कोणत्या दिशेला असावा यावर अध्यायच्या अध्याय लिहिणाऱ्यांनी उंबरठ्यावरचा तैलरंग खरवडायला बसलेल्या माणसाने तोंड कोणत्या दिशेला करावे, म्हणजे येणारेजाणारे त्याला प्रश्न विचारणार नाहीत, याबद्दल मौन पाळावे, ही शास्त्रातील मोठीच उणीव होय.

प्रथम लाकडाविषयी. बागलाणच्या वायव्येला डोंगर ओलांडले की डांगचे जंगल लागते, आणि तेथील साग इतका नावाजलेला होता की इंग्रजांनी १८४२ साली डांगच्या भिल्ल राजांकडून जंगलाचा भाडेपट्टा करून घेतला. त्या राजांच्या वंशजांना आहवा येथे भरणाऱ्या डांग दरबारात आजही दरवर्षी सालाना दिला जातो. म्हणजे पट्टा घेणारे साहेब गेले, त्यांचे साम्राज्य गेले, बरीचशी झाडेही गेली, पण भाडे चालू आहे, आणि घरमालकांच्या दृष्टीने पाहिले तर भाडेपट्ट्यांच्या इतिहासात याहून दिलासा देणारे उदाहरण सापडणे कठीण आहे. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, वाळवीला न मानवणारे टेक्टोक्विनोन नावाचे द्रव्य असते आणि सिलिका म्हणजे वाळूचाच एक सूक्ष्म अंश असतो, ज्यामुळे सुताराच्या रंध्याचे पाते लवकर बोथट होते व सुताराची जीभ त्याच प्रमाणात धारदार होते. पावसापाण्यात उघडे ठेवले तरी हे लाकूड कुजत नाही, फक्त रुपेरी करडे होते. या सर्व गुणांचा एकत्रित अर्थ असा की सागवानाला माणसाची फारशी गरज नसते, आणि माणसाला नेमकी हीच गोष्ट सहन होत नाही.

लाकूड उन्हात करडे का होते हे येथेच सांगितले पाहिजे. लाकडाच्या तंतूंना एकत्र धरून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी विघटित होते, पावसाने धुऊन जाते आणि मागे सेल्युलोजचे फिके तंतू उरतात. अमेरिकेत घराच्या मागच्या अंगाला, जमिनीपासून दोन-चार फुटांवर, फळ्यांचे जे उघडे व्यासपीठ बांधतात व ज्याला डेक म्हणतात, त्याची ही अवस्था दोन-तीन वर्षांत होते, कारण ते बहुधा पाइनसारख्या मऊ लाकडाचे असते. हे लाकूड किडीला बळी पडू नये म्हणून दाबाखाली त्यात तांब्याची संयुगे भरतात, आणि २००३ सालच्या अखेरपर्यंत तांब्याच्या जोडीने आर्सेनिकचीही भरली जात. मग त्यावर स्टेन लावतात. स्टेन म्हणजे लाकडावर पापुद्रा न धरता त्याच्या रंध्रांत शिरणारा, तेलात किंवा पाण्यात कालवलेला पातळ रंग. तो लावल्यावर लाकूड दिसत राहते, फक्त आहे त्यापेक्षा महाग दिसते. न्यू जर्सीत स्थायिक झालेला कसमादे पट्ट्यातील, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांच्या मुलखातील, जो संगणक अभियंता सटाण्यातील घरात पाण्याचा तांब्याही स्वतः भरून घेत नसे, तोच मे महिन्याअखेरच्या जोडसुटीत भाड्याने आणलेले घासणीयंत्र घेऊन डेकवर गुडघे टेकून बसलेला दिसतो. हे दृश्य भ्रमणध्वनीच्या पडद्यावर सटाण्यात पोहोचते तेव्हा मुलाची नोकरी गेली असावी आणि तो लाजेखातर सांगत नसावा, असा निष्कर्ष माजघरात काढला जातो, व पुढील दोन दिवस कोणी त्याच्याकडे पैशांचा विषय काढत नाही. डेकचा हा एक अनपेक्षित लाभ आहे.

सागाच्या जमिनीला काहीच लावू नये, ती फक्त घासावी, असा एक जुना पंथही आहे आणि तो जहाजांवर वाढला. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी मलबारी सागातून बांधलेली व १८१७ साली पाण्यात उतरवलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगत उभी आहे. त्या काळच्या शिडाच्या जहाजांवरील लाकडी जमीन खलाशी रोज पहाटे गुडघ्यांवर बसून, वाळू व पाणी टाकून, वालुकाश्माच्या ठोकळ्यांनी पांढरीशुभ्र होईपर्यंत घासत. त्यात लाकडाच्या स्वच्छतेइतकाच शेदोनशे रिकाम्या माणसांना बंड करायला वेळ मिळू नये हाही हेतू असावा, असे मानायला जागा आहे. सटाण्याच्या सज्ज्यावर हा पंथ रुजला नाही, कारण तेथे बंडाची शक्यता असलेली माणसे सुट्टीपुरतीच येतात आणि तीही दुपारी झोपतात.

आता थरांकडे वळावे, कारण या विषयातील खरी समृद्धी तेथेच आहे. सटाण्यातील एखाद्या जुन्या सज्ज्याचा कठडा खरवडू लागले की सर्वांत वर चॉकलेटी तैलरंग लागतो, त्याखाली पिस्त्याचा हिरवा, त्याखाली आकाशी, त्याखाली पुन्हा चॉकलेटी, मग तांबडे अस्तर, आणि सर्वांत खाली तेल, धूर व तळहात यांनी मिळून केलेला एक काळपट, चिवट लेप, ज्याला कोणत्याही कंपनीच्या शेडकार्डात नाव नाही. अस्तर म्हणजे रंग धरून राहावा म्हणून त्याआधी दिलेला पहिला लेप. रंगाऱ्याच्या व्यवहारात प्रत्येक लेपाला ‘हात’ म्हणतात आणि दोन हातांचे पैसे घेऊन दीड हात मारणे ही या व्यवसायातील प्राचीन व सर्वमान्य प्रथा आहे. उत्खननशास्त्रात खालचा थर जुना व वरचा नवा हा जो मूलभूत नियम आहे, तो येथेही लागू पडतो. फरक इतकाच की उत्खननात थरांचा काळ मडक्यांवरून ठरवतात आणि सज्ज्यावर तो लग्नांवरून ठरतो. घरातील एखाद्या लग्नाखेरीज कठड्याला रंग लागल्याचे उदाहरण विरळाच, त्यामुळे पिस्ता म्हणजे थोरल्या आत्याचे लग्न, आकाशी म्हणजे काकांचे, असे कोष्टक घरातील वृद्ध स्त्रिया बिनचूक सांगतात. त्यांना लग्नाची तिथी आठवत नसली तरी मांडवाच्या दिवशी कठडा ओला असल्यामुळे कोणाच्या शालूला रंग लागला आणि तो शालू कोणाच्या माहेरचा होता हे आठवत असते, आणि काळनिश्चितीसाठी तेवढे पुरेसे असते.

डबाबंद तैलरंग गावोगाव पोहोचण्याला मुंबईच्या उद्योगाचा मोठा हातभार लागला. १९४२ साली चार मित्रांनी मुंबईत सुरू केलेल्या एशियन पेंट्सने १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांच्याकडून गट्टू नावाचा एक खट्याळ पोरगा चितारून घेतला, ज्याच्या एका हातात ब्रश व दुसऱ्या हातात रंगाचा डबा असे. पुढील कित्येक दशके तो दुकानांच्या फलकांवरून गिऱ्हाइकाकडे ज्या नजरेने पाहत राहिला, ती पाहता पुढे खरवडायला कोण बसणार हे त्याला आधीच ठाऊक असावे अशी शंका येते. मात्र सज्ज्यावरचा प्रत्येक रंग सज्ज्यासाठी विकत आणलेला असतोच असे नाही. बैलगाडीचे साटे रंगवून उरलेला, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला लावून उरलेला, पोळ्याला बैलांची शिंगे रंगवून उरलेला असा जो काही रंग डब्याच्या तळाशी असेल, तो वाळून जाण्यापेक्षा कोठेतरी लागावा या काटकसरीतून कठड्याच्या टोकाला मध्येच नारिंगी पट्टा उमटतो, आणि खरवडताना तो निघाला की पुण्याहून आलेला वास्तुरचनेचा विद्यार्थी त्याची छायाचित्रे घेऊन लोककलेविषयी विचारपूस करू लागतो.

उत्तम सागवान असताना ते रंगाखाली का झाकले गेले, याचे उत्तर सामाजिक आहे. ज्या काळी गावातील बहुतेक घरे धाब्याची, म्हणजे लाकडी कड्यांवर माती थापून केलेल्या सपाट छताची होती, त्या काळी लाकूड सर्वांकडेच थोडेफार होते, पण रंग सर्वांकडे नव्हता. म्हणून ज्याला परवडे तो लाकडावर रंग चढवी आणि उघडे लाकूड हे हलाखीचे लक्षण मानले जाई. आज डब्यातला रंग कोणालाही परवडतो, सागवान परवडत नाही. म्हणून ज्याच्याकडे सागवान आहे तो रंग काढतो आणि ज्याच्याकडे नाही तो भुशाच्या दाबीव फळीवर सागाच्या रेषा छापलेला सनमायका डकवतो. दोन्ही काळांत लाकडाचे मत कोणी विचारलेले नाही, कारण लाकडावर चढणारा वा उतरणारा रंग लाकडासाठी कधीच नसतो, तो समोरच्या घरासाठी असतो. चांदवडच्या रंगमहालात, म्हणजे सटाण्यापासून फार लांब नसलेल्या होळकरांच्या वाड्यात, कोरीव लाकडी खांब पाहून परतलेल्या घरमालकाला आपल्या कठड्याखालीही असेच काही दडलेले असणार अशी जी खात्री वाटू लागते, तिचे मूळही कलेपेक्षा याच भावनेत शोधावे लागते. खरवडल्यावर कठड्याखाली बहुधा साधा कठडाच निघतो.

थर काढण्याच्या पद्धती अनेक असून त्यांपैकी प्रत्येक पद्धत ही आधीच्या पद्धतीविषयीच्या निराशेतून जन्मलेली असते. पहिली पत्र्याच्या पट्टीने खरवडण्याची. तिने सपाट भागावरचा रंग निघतो, पण कातीव दांड्यांच्या, म्हणजे यंत्रावर फिरवून गोलाई दिलेल्या दांड्यांच्या, खाचांत तो जसाच्या तसा राहतो. तेथे जुने सुतार फुटक्या काचेचा तुकडा वापरतात आणि त्याने काम खरोखरच सुबक होते, फक्त नवशिक्याच्या बाबतीत लाकडावर एक नवा तांबडा थर चढतो. दुसरी पद्धत कॉस्टिक सोड्याची. त्याच्या तीव्र क्षाराने तैलरंग साबणासारखा सुटून येतो, पण लाकडातील टॅनिनशी त्याची गाठ पडून सागवान काळवंडते, आणि मग ते उजळण्यासाठी ऑक्झॅलिक आम्ल आणावे लागते, म्हणजे एक भानगड मिटवण्यासाठी दुसरी विकत घ्यावी लागते. तिसरी रेमूव्हरची, म्हणजे रंगाचा पापुद्रा फुगवून सोडवणाऱ्या द्रावणाची. त्यातील डायक्लोरोमिथेन या द्रव्याची वाफ बंद खोलीत प्राणघातक ठरू शकते, म्हणून अमेरिकेने २०१९ साली घरगुती ग्राहकांना असे रेमूव्हर विकण्यावर बंदी घातली. सटाण्याच्या सज्ज्याला तीन बाजू उघड्या असल्याने येथे वाफेपेक्षा वासाचा, आणि वासापेक्षा त्यावरून होणाऱ्या चर्चेचा त्रास अधिक होतो. चौथी पद्धत उष्णतेची असून गरम हवेच्या बंदुकीने रंग मऊ करून तो पट्टीने उचलतात. ती जलद आहे, पण दोनशे वर्षे वाळत पडलेल्या लाकडासमोर ठिणगीशी खेळ करण्यापूर्वी १८२८ साली पुण्याच्या शनिवारवाड्याचे काय झाले हे आठवणे इष्ट.

येथे एक गोष्ट विनोद बाजूला ठेवून सांगितली पाहिजे. जुन्या तैलरंगांत शिसे असे, आणि घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दर दशलक्ष भागांत ९० भाग इतकी खाली आणणारा नियम भारतात २०१६ साली होऊन नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्यामुळे काकांच्या लग्नातला आकाशी रंग कोरडा घासून त्याची पूड उडवणे हे लहान मुलांच्या मेंदूला अपायकारक आहे. रंग ओला करून खरवडावा, नाकातोंडाला चांगला मास्क बांधावा आणि निघालेले पापुद्रे अंगणात न झाडता गोळा करावेत. ही सूचना ऐकल्यावर घरातील ज्येष्ठ मंडळी ‘आम्ही हेच खात मोठे झालो’ असे सांगतात, आणि त्यांच्याशी अर्धा तास वाद घातल्यावर सूचना देणाऱ्याला शिशाच्या दुष्परिणामांचा आणखी एक पुरावा मिळाल्यासारखे वाटते.

पद्धत कोणतीही असली तरी तिला प्रेक्षक लागतात आणि सज्जा मुळात प्रेक्षणासाठीच बांधलेला असल्यामुळे ते मिळतात. खालून जाणारा प्रत्येक जण थांबतो, वर पाहतो आणि अहिराणीत ‘कितला लागनात?’ असे विचारतो, म्हणजे किती पैसे लागले. खरा आकडा सांगितला तर घरमालक फसला असे ठरते, कमी सांगितला तर मिस्तरी फसवणार असे ठरते, आणि न सांगितला तर पैसा दोन नंबरचा ठरतो. यानंतर प्रेक्षक सल्ला देतो. सल्ल्याचे विशेष असे की तो नेहमी नुकत्याच संपलेल्या टप्प्याबद्दल असतो: खरवडून झाल्यावर रेमूव्हर सुचवला जातो, रेमूव्हर लावून झाल्यावर ‘आधी विचारायचे होते’ हे वाक्य येते, आणि सगळे झाल्यावर लोखंडी ग्रील बसवून टाकण्याचा पर्याय पुढे केला जातो, जो सल्ला देणाऱ्याने स्वतःच्या घरी अमलात आणलेला असतो व ज्याचा त्याला आता पश्चात्ताप होत असतो.

घरमालक हे काम स्वतः करत नाही, ही सटाण्याची न्यू जर्सीवर मात आहे. तो मिस्तरी लावतो. मिस्तरी पहिल्या दिवशी येतो, लाकडावर नख मारून पाहतो, हल्ली असे लाकूड मिळत नाही असे म्हणतो, उचल घेतो आणि लग्नसराईत अदृश्य होतो. काम अर्धवट राहण्याचे दुसरे व अधिक गंभीर कारण बाजारभाव हे आहे. बागलाणचे अर्थकारण कांदा, द्राक्षे व डाळिंब यांवर चालते. त्यांपैकी डाळिंबाच्या बागा तेल्या या जिवाणूजन्य रोगाने अनेकांना काढून टाकाव्या लागल्या आणि द्राक्षांचे नशीब अवकाळी पावसाच्या हाती असते, त्यामुळे घरावरचा खर्च हा मुख्यतः कांद्यावर अवलंबून राहतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आले आणि डिसेंबरात निर्यातच बंद झाली. अशा वेळी ज्याच्या सज्ज्याची डावी बाजू खरवडून उजवी राहिलेली असेल त्याची उजवी बाजू तशीच राहते. तेव्हा भावी संशोधकास एखाद्या कठड्यावर निम्म्यात थांबलेले काम आढळल्यास त्याने ती शैली समजू नये, वाणिज्य मंत्रालयाच्या त्या त्या वर्षीच्या अधिसूचना तपासाव्यात.

लाकूड एकदाचे उघडे झाले, ८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून १२० व मग २२० नंबरने मऊ झाले, फटींत लांबी म्हणजे भुकटी व तेल मळून केलेला लगदा भरला गेला, की नवा लेप कोणता हा प्रश्न उभा राहतो आणि घरात पक्ष पडतात. वडील पिढीचा कल चपड्याच्या पॉलिशकडे असतो. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या लाखेच्या किड्याचा स्राव शुद्ध करून त्याचे पातळ पापुद्रे करतात, त्यांना चपडा म्हणतात; तो स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या गादीने थरावर थर चढवले की लाकडाला जी खोल चकाकी येते तिला तोड नाही. पण लाख पाण्याला व उष्णतेला भिते, आणि तिचा बांधकामातील सर्वांत प्रसिद्ध उपयोग कौरवांनी वारणावतात केला होता, ही वस्तुस्थिती घरातील सून योग्य वेळी लक्षात आणून देते.

मधला पक्ष जवसाच्या तेलाचा. उकळलेले जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून लाकडातच घट्ट होते, म्हणजे ते वाळत नाही तर बदलते. मात्र सागाच्या अंगच्या तेलामुळे या क्रियेला अडथळा होतो, म्हणून आधी लाकूड थिनरने पुसून घ्यावे लागते. प्राणवायू शोषताना उष्णता निर्माण होते, आणि तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकल्यास त्या कोणी काडी न लावताही पेट घेतात. फिलाडेल्फियातील वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला फेब्रुवारी १९९१ मध्ये लागलेली आग अशाच चिंध्यांतून सुरू झाली व तीत तीन अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. तेव्हा आजीच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या काम झाल्यावर उलगडून उघड्यावर वाळत घालाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. आजीचा विरोध चिंध्या पेटण्याला नसून लुगडे फाडण्यालाच असतो, पण तो वेगळा विषय आहे.

तरुण पक्षाला पॉलियुरेथेन हवे असते. हा प्लॅस्टिकसारखा पारदर्शक, टणक पापुद्रा असून तो पाण्याला दाद देत नाही, पण उन्हाने एकदा तडकला की पुन्हा सगळे खरवडणे आले. या पक्षाची दुसरी मागणी लाकूड ‘नॅचरल’ दिसावे ही असते. मिस्तरी त्यावर काहीच न लावण्याचा मार्ग सुचवतो, तेव्हा ते फार फिके दिसते अशी तक्रार येते. मग थोडा स्टेन, मग अक्रोडी छटा, मग ती जरा गडद, असे करत करत जी अंतिम छटा सर्वानुमते निवडली जाते, ती नुकत्याच काढून टाकलेल्या चॉकलेटी तैलरंगाच्या इतकी जवळ असते की माजघरातील वृद्ध स्त्रिया एकमेकींकडे पाहून पदराआड हसतात आणि हे कोणाचे लग्न ठरले अशी चौकशी करतात.

हे सर्व केव्हाही पूर्ण झाले नसते. ते पूर्ण होते ते देवमामलेदारांमुळे. यशवंत महादेव भोसेकर हे एकोणिसाव्या शतकात सटाण्याचे मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांना वाटून टाकला आणि तपासणीला साहेब आले तेव्हा तो पैसुद्धा कमी न भरता पुरता मोजून निघाला, अशी आख्यायिका आहे. १८८७ साली नाशिकला त्यांचे निधन झाले आणि महसूल खात्यातील माणसाचे देऊळ होऊन त्याची यात्रा भरण्याचा दुर्मीळ मान सटाण्याला मिळाला. मार्गशीर्ष वद्य एकादशीला महाराजांचा रथ निघतो. ज्या घराचा सज्जा रथाच्या वाटेवर आहे त्या घरी त्या दिवशी मालेगावपासून मुंबईपर्यंतचे नातेवाईक येतात, आणि त्यांच्यासमोर पॉलिशपेपर घेऊन उभे राहणे कोणालाच शक्य नसल्यामुळे आठ महिने न सापडलेला मिस्तरी आठवड्याभरात सापडतो, दिव्याच्या उजेडात काम करतो आणि दशमीच्या रात्री शेवटचा हात मारतो. हिशेबाच्या वेळी घरमालक देवळाच्या दिशेने हात जोडतो. खजिना रिता होऊनही भरलेला निघण्याचा प्रकार दुसऱ्यांदा घडावा अशी त्याची माफक अपेक्षा असते.

रथाच्या दिवशी सज्जा झळाळतो. पाहुणे कठड्याला हात लावून अजून चिकट असल्याची खात्री करून घेतात आणि बोटांचे ठसे मागे ठेवतात. दुसऱ्या दिवशी, इतका खर्च करून केलेले पॉलिश पायांनी खराब होऊ नये म्हणून संपूर्ण पाटणीवर निळी ताडपत्री अंथरली जाते व तिच्या कडा खिळ्यांनी ठोकून पक्क्या केल्या जातात. त्यावर आधी कांद्याचे बी, मग उन्हाळ्यात कुरडया व पापड वाळत पडतात, अधूनमधून बादलीभर पाणी सांडते, आणि ताडपत्रीखाली कोंडलेल्या ओलाव्याने चपड्यावर पांढरट डाग उमटतात, कारण बराच वेळ ओल मिळाली की लाखेचा थर धुरकट होतो हा तिचा जातिस्वभाव आहे. वैशाखात कोणीतरी ताडपत्रीचे टोक उचलून पाहते. मिस्तरीला फोन लावला जातो, आणि तो पलीकडून, मागे कोठेतरी चालू असलेल्या बँडच्या आवाजात, सांगतो की आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गडबड आत्ताच संपली आहे, हातात चार लग्ने आहेत, पण काळजी करू नये, लाकूड अस्सल आहे, त्याला काही होत नाही, आणि येताना थोडी उचल लागेल.